दूध तोडावे, पण एका दिवसात नव्हे

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणाचे दिवस, शेतात निंदणाची घाई. दुपारी दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तोच दारात एक ऑटो येऊन थांबला. सासू-सासऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धरून चोवीस-पंचवीस वर्षांच्या सुनेला खाली उतरवले. हुडहुडी भरलेली, चेहरा लाल, दोन्ही हात छातीपासून दूर धरलेले. पदराचा स्पर्शही तिला सहन होत नव्हता. ताप पाहिला तर १०३. तपासायला घेतले तेव्हा दिसले, की छातीवर जुन्या लुगड्याचा पट्टा करकचून बांधलेला आहे. आमच्या सिस्टरने तो सोडला. दोन्ही स्तन दगडासारखे घट्ट झाले होते आणि उजव्या बाजूला तळहाताएवढा भाग लालभडक सुजला होता.

"बाळ किती महिन्यांचं?" मी विचारले.

"धा म्हयन्याचं जी," सासूबाई म्हणाल्या. "तिले आठ दिसापयले ताप आला व्हता. तापातलं दूध लेकराले बाधते म्हणे. मंग लेकरू तिच्या बहिणीकडं धाडून देल्लं अन् दूध तोडून टाकलं."

आधीचा ताप साधा होता. दोन दिवसांत उतरलाही होता. पण बाळ मावशीकडे गेले ते गेलेच. इकडे आईचे स्तन मात्र दूध तयार करतच राहिले.

सासरेबुवा दाराशी उभे होते. धोतर-टोपीतले, जुने कास्तकार. मी त्यांना विचारले, "बाबा, तुमच्याकडे गाय आहे?"

"हायेत ना, दोन हायेत."

"गाभण गाय आटवता कशी?"

"एकदम नाई बंद करत, डाक्टरसाहेब. आंधी दोन टाइमाची धार एक टाइमावर आनतो. मंग एक दिवस आड. ढेप बंद करतो. असं करत करत पंधरा-वीस दिवसांत आटते. एकदम सोडली तं कास दगडावानी होते, सडच खराब होते..."

बोलता बोलता ते थांबले. सुनेकडे पाहिले आणि मान खाली घातली.

वाचकहो, गोठ्यातले हे शहाणपण आपल्या जिल्ह्यात घरोघरी आहे. सिंदखेड राजा असो की संग्रामपूर, कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. पण घरातल्या लेकी-सुनेच्या बाबतीत आपण ते का विसरतो? अंगावरचे दूध एकाएकी बंद केल्याने आईच्या शरीरात काय काय घडते, हे आज समजावून घेऊ. कारण जे घडते ते बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असते.

दूध आटते कसे?

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी असते. बाळ स्तन चोखू लागले, की तिथून दोन संप्रेरके रक्तात येतात. एक प्रोलॅक्टिन. त्याचे काम दूध तयार करणे. दुसरे ऑक्सिटोसिन. त्याने दुधाच्या पिशव्या आवळल्या जातात आणि दूध बाहेर येते. यालाच आपल्या आयाबाया 'पान्हा फुटला' म्हणतात. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध तयार करते.

पहिले काही आठवडे सरले, की दूध किती तयार व्हायचे हे मुख्यतः एका गोष्टीवर ठरते. स्तन किती रिकामे होतात. विहिरीचेच उदाहरण घ्या. उपसा चालू असेल तर झरे मोकळे राहतात. उपसा थांबला की पाणी चढते आणि झऱ्यांचा जोर कमी होतो. स्तनातही दूध साचून राहिले, की त्याचा दाब आणि दुधातलेच काही घटक मिळून नवे दूध तयार होण्याला लगाम घालतात.

मात्र हा लगाम लगेच लागत नाही. आज सकाळी बाळाला पाजणे थांबवले म्हणून आज संध्याकाळी दूध थांबत नाही. शरीराला बाळ मावशीकडे गेल्याचा निरोप पोचायला काही दिवस लागतात. त्या काही दिवसांतच सगळा घोळ होतो.

पहिल्या दिवसापासून पुढे

पाजणे एकदम बंद केल्यावर साधारण बारा ते चोवीस तासांत स्तन जड होऊ लागतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी त्रास सर्वांत जास्त असतो. दूध साचते, त्याबरोबर रक्त आणि पाणीही तिथे दाटते. कातडी ताणून चकाकते, बोंडी सपाट होते, काखेपर्यंत ठणका लागतो. हात वर करता येत नाही, कुशीवर झोपता येत नाही. बारीक तापही येऊ शकतो. घरातले दुसरे कोणी लेकरू रडले, तरी पान्हा फुटून पोलके भिजते. याला आम्ही स्तन दाटणे म्हणतो. काळजी घेतली तर हे चार-सहा दिवसांत ओसरू लागते.

काही जणींत एखाद्या भागातले दूध अडकून तिथे दुखरी गाठ होते. तीही बहुधा दोन-चार दिवसांत विरघळते. पण दाब तसाच राहिला तर त्या भागाला सूज येते, तो लाल आणि गरम होतो, थंडी वाजून १०१-१०२ ताप येतो आणि अंग मोडून येते. ही मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची सूज. बाईला वाटते मलेरिया झाला. बोंडीला चीर असेल तर तिथून जंतू आत शिरतात. ते बहुधा स्टॅफिलोकॉकस जातीचे असतात. मग प्रतिजैविक औषध लागते. तिथेही वेळ दवडली, तर आत पू होतो आणि गळू तयार होते. गळू झाल्यावर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. सुईने किंवा छेद देऊन पू काढावा लागतो.

साचलेल्या दुधात बदलही होतो. हार्टमन आणि कुल्स्की या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९७८ साली, पाजणे एकदम बंद केलेल्या स्त्रियांच्या स्तनातील स्राव सहा आठवडे तपासला. त्यातली साखर कमी होत गेली, तर सोडियम, क्लोराइड आणि प्रथिने वाढत गेली. सोप्या भाषेत सांगायचे तर दूध गोड होते ते खारट झाले. पेशींमधल्या घट्ट शिवणी सैल होतात आणि रक्तातले क्षार दुधात उतरतात, म्हणून असे होते. स्तनाला सूज आली तरी हेच होते. अशा वेळी बाळ त्या बाजूला तोंड लावून लगेच मान फिरवते. आई घाबरते, 'दूध नासलं' म्हणते. नासलेले काही नसते, चव तेवढी बदललेली असते.

यावरून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. दूध तोडल्यावर कित्येक आठवडे, क्वचित काही महिने, दाबल्यावर चार थेंब येत राहतात. ते नैसर्गिक आहे. 'अजून येतं का' म्हणून रोज दाबून पाहू नये. दाबणे हेही शरीराला आवतणच आहे.

छातीपलीकडचे परिणाम

दूध एकदम तोडल्यावर प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन दोन्ही झपाट्याने खाली येतात. या संप्रेरकांचा मनाच्या शांतपणाशी संबंध आहे. त्यामुळे काही बायका या दिवसांत विनाकारण रडतात, चिडतात, त्यांना झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही. घरचे म्हणतात, 'हिला काय झालं, आता तर मोकळी झाली.' हे नखरे नाहीत. बहुतेकींचे दोन-तीन आठवड्यांत आपोआप ठीक होते. पण उदासी त्यापुढे टिकली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोल तोंडी आले, तर एक दिवसही थांबू नका. डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६.

दुसरी गोष्ट पाळीची. बाळ सहा महिन्यांच्या आतले आहे, रात्रंदिवस केवळ अंगावर पिते आणि आईची पाळी आलेली नाही, या तिन्ही गोष्टी असतील तर दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते. दूध तोडताच हे संरक्षण संपते. बीज पाळीच्या आधी तयार होते, म्हणून पाळी न येताच दिवस राहू शकतात. 'पाळी कुठं आली अजून' या भरवशावर राहून पाठोपाठ दुसरे बाळंतपण ओढवून घेतलेल्या अनेक जणी मी पाहिल्या आहेत. दूध तोडण्याचा विचार सुरू झाला, की पाळणा लांबवण्याच्या साधनाचाही विचार करावा.

स्तनांच्या आकाराबद्दलही बायका संकोचाने विचारतात. एकदम तोडल्यावर सुरुवातीला ते मोठे दिसतात, नंतर रिकामे आणि सैल वाटतात. पुढे काही महिन्यांत बरेचसे सावरतात. शरीर ओघळते ते मुख्यतः गरोदरपणामुळे आणि वयामुळे. बाळाला पाजल्याने नव्हे.

आणि बाळाचे काय?

आपण त्या सुनेकडे परत येऊ. मी सासरेबुवांना म्हटले, "औषध देतो, पण आधी लेकरू घरी आणा." दुसऱ्या दिवशी बाळ आले, तेही मलूल. मावशीने प्रेमाने बाटलीतून पाणी घातलेले दूध पाजले होते. बाळाला दिवसातून आठ-दहा जुलाब होत होते. त्याला आधी मीठ-साखरेच्या पाण्यावर, म्हणजे ओआरएसवर, आणि झिंकवर घेतले.

सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला लागणाऱ्या उष्म्यापैकी सुमारे निम्मा भाग आईच्या दुधातून मिळू शकतो. दुसऱ्या वर्षातही सुमारे एक तृतीयांश. शिवाय त्यातून रोगप्रतिकारक घटक मिळतात, ते वेगळेच. हा पुरवठा एका दिवसात तोडला, वर बाटली आली, तर जुलाब आणि वजन घटणे ठरलेलेच. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना सांगते, की पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर घरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा पुढेही अंगावर पाजावे.

बाळाने डाव्या बाजूने लगेच दूध ओढले. उजवीकडे तोंड लावून ते रडले. त्या बाजूचे दूध खारट झाले होते. पुढे उजव्या स्तनात पू झालाच. सर्जनकडे पाठवून तो काढावा लागला. पंधरा दिवस ड्रेसिंग चालले. त्या काळात बाळ डाव्या बाजूला पीत राहिले आणि त्यावर तरले. दोन दिवसांच्या साध्या तापापायी ऐन हंगामात महिनाभराची मजुरी बुडाली आणि छातीवर कायमचा व्रण राहिला.

डॉक्टरांनाही मिळालेला धडा

एकदम दूध तोडण्याची चूक खेड्यातल्या सासूबाईच करतात असे समजू नका. आमच्या क्षेत्रातही असा एक काळ होता. एचआयव्हीची लागण झालेल्या आईच्या दुधातून बाळाला विषाणू जाऊ शकतो. म्हणून चार-सहा महिने पाजून मग एकदम बंद करावे, हा विचार वीस-पंचवीस वर्षांपूर्वी बराच मान्य होता. आफ्रिकेतील झांबिया देशाच्या लुसाका शहरात ९५८ मातांवर याची रीतसर पाहणी झाली. निम्म्या मातांना चौथ्या महिन्यात एकदम पाजणे थांबवायला सांगितले आणि उरलेल्यांना हवे तितके दिवस पाजू दिले. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांच्या वयाला लागण न होता जिवंत राहिलेल्या बाळांच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एकदम तोडण्याचा फायदा झालाच नाही. उलट, एकाएकी थांबवल्यावर साचलेल्या दुधात विषाणूंचे प्रमाण वाढते, असेही पुढे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली स्पष्ट सांगितले, की अशा मातांनीही थांबवायचे ठरवले तर ते महिनाभरात हळूहळू थांबवावे. आज विषाणूवरची औषधे नियमित घेणाऱ्या मातेला डॉक्टरांच्या देखरेखीखाली पाजताही येते.

तोडण्याची कारणे बहुधा खोटीच

माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जणींनी ज्या कारणाने दूध तोडलेले असते, ते कारण मुळात कारणच नसते.

ताप, सर्दी, टायफॉइड, मलेरिया : पाजणे चालू ठेवावे. आईच्या अंगात तयार झालेले प्रतिकारक घटक दुधातून बाळालाच मिळतात. औषध घेताना मात्र 'मी अंगावर पाजते' हे डॉक्टरांना सांगावे.

कावीळ, क्षयरोग : कावीळ झाली म्हणून दूध तोडायचे नसते. कावीळ 'ब' असेल तर बाळाला जन्मताच लस मिळालेली असावी. क्षयरोगात आईचे औषध आणि बाळाचे संरक्षण, दोन्ही डॉक्टर ठरवतात. पण दूध तोडायला सहसा सांगत नाहीत.

पुन्हा दिवस राहिले : पोटातल्या बाळासाठी दूध 'जहर' होते हा गैरसमज आहे. पूर्वी दिवस पुरे होण्याआधी बाळंतपण झाले असेल किंवा अंगावर जात असेल, तर डॉक्टरांना विचारावे. एरवी आईला भरपूर खायला देऊन हळूहळू कमी करता येते.

स्तनाला सूज : ही तर सर्वांत मोठी गफलत. सुजलेल्या बाजूने पाजणे बाळाला बाधत नाही. थांबवले तर दूध साचून सूज वाढते.

खरोखर थांबवावे लागते ते मोजक्या प्रसंगी. कॅन्सरवरची काही औषधे किंवा काही किरणोत्सारी उपचार ही त्याची उदाहरणे. ते डॉक्टर सांगतात, शेजारीण नव्हे.

हळूहळू म्हणजे कसे?

बाळ मोठे झाले, आईची इच्छा आहे किंवा कामाची अडचण आहे, तर दूध तोडण्यात गैर काहीच नाही. फक्त महिनाभराची मुदत हाताशी ठेवा.

दिवसातून पाच वेळा पाजत असाल, तर आधी एक वेळ बंद करा. दुपारची वेळ बरी, कारण बाळ खेळात असते. त्या वेळी त्याला मऊ वरण-भात, खिचडी, भाकरी कुस्करून, केळे असे काही द्या. चार-पाच दिवस थांबा. छाती हलकी वाटू लागली की दुसरी वेळ बंद करा. झोपतानाची आणि पहाटेची वेळ सर्वांत शेवटी. अशा रीतीने तीन-चार आठवड्यांत दूध आपोआप आटते आणि ठणकाही लागत नाही. मधेच बाळ आजारी पडले तर तिथेच थांबावे. बरे झाल्यावर पुढे जावे.

बाळ वर्षाच्या आतले असेल, तर दुधाऐवजी काय द्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा आणि वाटी-चमच्याने द्या. डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगीच नाही. बोंडीला कडुनिंब, कोरफड किंवा मिरची लावून बाळाला घाबरवण्याची जुनी रीत सोडून द्यावी. त्याने बाळ एकदम तुटते, मिरचीने आईची कातडीही पोळते. बाळाला आजोळी धाडणे हाही तोच प्रकार.

गाय आटवताना ढेप बंद करतात. सुनेचे जेवण आणि पाणी मात्र मुळीच कमी करायचे नाही. पाणी कमी प्यायल्याने दूध आटत नाही, आईच कोमेजते.

एकदम थांबवावेच लागले तर

ऑपरेशन, मोठा आजार, दूरचा प्रवास असे प्रसंग येतात. अशा वेळी हे लक्षात ठेवा.

छाती फार ताठली, की हाताने थोडे दूध काढावे. ताठपणा सैल होईपर्यंतच. पूर्ण रिकामी करू नये, नाहीतर विहिरीचे झरे पुन्हा मोकळे होतील. नंतर थंड पाण्यात पिळलेले फडके किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवावा. अंगाला नीट बसणारी, आधार देणारी चोळी रात्रंदिवस वापरावी. करकचून पट्टा बांधू नये. त्याने दूध जागोजागी अडकते आणि गाठी होतात. तेल लावून जोरात रगडणे, गाठ फोडण्यासाठी दाबणे, गरम विटेने शेकणे हे सारे टाळावे. आतले नाजूक भाग दुखावून सूज वाढते. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालते, पण किती आणि किती वेळा ते विचारून घ्या.

'दूध आटवायची गोळी द्या' असे म्हणत मेडिकलमध्ये जाऊ नका. ब्रोमोक्रिप्टीन नावाचे औषध पूर्वी यासाठी सर्रास दिले जाई. काही बाळंतिणींमध्ये रक्तदाब वाढणे, झटके येणे, पक्षाघात, हृदयविकार असे प्रकार आढळल्याने अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या मध्यावर या कामासाठी त्याचा वापर बंद झाला. ठरावीक प्रसंगी दुसरे औषध देता येते, पण ते तपासून, रक्तदाब पाहून, डॉक्टरांनीच.

पुढील लक्षणे दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा : १०१ च्या वर ताप, लाल तापलेला आणि वाढत जाणारा भाग, एक दिवस काळजी घेऊनही न ओसरणारा ठणका, बोंडीतून पू किंवा रक्त. आणि दूध आटल्यावर दोन आठवड्यांनीही एखादी गाठ राहिलीच, तर 'दुधाची असेल' म्हणून घरी बसू नका. दाखवून घ्या. क्वचित ती वेगळ्याच आजाराची निघते.

ज्या आईचे बाळ राहिले नाही

एका गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मी लिहितो. बाळ पोटातच गेले किंवा जन्मून गेले, तरी बाळंतपणानंतर दोन-चार दिवसांनी आईला दूध येतेच. शरीराला काय ठाऊक? घरात सुतक असते, बायका सांत्वनाला येतात, आणि ती बिचारी भिजलेले पोलके लपवत कोपऱ्यात बसते. तिला कोणी सांगितलेलेच नसते. अशा आईला घरी सोडतानाच डॉक्टरांनी, सिस्टरने किंवा आशाताईंनी हे आधी सांगावे. वर लिहिलेली काळजी तिलाही लागू आहे. गोळी देता येईल का, हे डॉक्टर बघतील. घरच्यांनी तिच्याजवळ बसावे, एवढे तरी करावे.

कामावरच्या हिरकणी

रायगडावर दूध विकायला आलेल्या हिरकणीची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. दरवाजे बंद झाले तेव्हा घरी भुकेले बाळ आहे म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. कथेत बाळाची भूक असते. पण भरलेल्या छातीने दिवसभर कामावर राहिलेल्या बाईला त्या कथेतली दुसरी बाजूही कळते. एसटीच्या स्थानकांवर तिच्या नावाचे हिरकणी कक्ष आहेत, ते याच गरजेपोटी. ते स्वच्छ आणि उघडे असावेत, एवढा आग्रह आपण प्रवाशांनी धरायला हवा.

नोकरदार बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी द्यावी, असेही कायदा सांगतो. पण निंदायला आणि कापूस वेचायला जाणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या बाईला कुठला कायदा? तिच्यासाठी एकच उपाय. सकाळी निघताना पाजावे. स्वच्छ हाताने काढलेले दूध झाकण असलेल्या उकळलेल्या वाटीत ठेवावे. घरात सावलीला ते तीन-चार तास टिकते, मे महिन्यात त्याहून कमी. दुपारी कोणी लेकरू बांधावर आणून दिले तर उत्तमच. शेतमालकांनीही त्या पंधरा मिनिटांचा हिशेब मांडू नये.

मागच्या महिन्यात तेच सासरेबुवा पुन्हा दवाखान्यात आले होते, गुडघे दाखवायला. त्यांच्या सुनेला दुसरे बाळ झाले, ते आता दोन वर्षांचे आहे. मी विचारले, "दूध सुटलं का लेकराचं?"

"सुटलं ना," ते म्हणाले. "म्हयना लागला पुरा. आमच्या बुढीनं घाई केली, तं म्याच म्हनलं, थांब वो, घाई कायची? गाईले येळ देते अन् सुनेले नाई?"

गुडघ्याची गोळी लिहून देताना मला बरे वाटले. हा कागद घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा. दूध सुनेच्या अंगावर असते, पण ते कधी आणि कसे तोडायचे हे आपल्याकडे बहुधा तेच ठरवतात.